हरणाच्या रायफलीवर दुर्बीण की माशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणारे आणि शिकारीचं लायसन्स नव्यानेच काढलेले बरेच मराठी लोक रायफल घेताना पहिल्यांदा अडतात ते इथेच: नेम धरायला दुर्बीण लावावी, की नळीवरची माशी, म्हणजे साधी आयर्न साइट, पुरेल? खालची उत्तरं पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, मिशिगन अशा राज्यांतलं रान आणि तिथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण, म्हणजे व्हाइटटेल, डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. पश्चिमेकडच्या उघड्या माळावर म्यूल डिअरच्या मागे जाणाऱ्यांचा हिशोब वेगळा असतो. तिथे हा प्रश्न जवळपास उरतच नाही, दुर्बीणच लागते.

एका वाक्यात सांगा, काय घ्यावं?

पहिलीच रायफल असेल, वय चाळीसच्या पुढे असेल किंवा पहाटे-संध्याकाळी मचाणावर बसणार असाल, तर कमी पॉवरची (कमी पट मोठं दाखवणारी) साधी दुर्बीण घ्या. दाट झाडीत पायी फिरणार, हरीण ६०-७० यार्डांच्या आतच दिसणार आणि नजर धड आहे, असं असेल तर माशी पुरते. त्यातही पीप साइट (बारीक भोकातून बघायची) असेल तर उत्तमच. लोक अंतरावरून वाद घालतात, पण हा प्रश्न आधी उजेडाचा आणि डोळ्यांचा आहे. अंतर त्यानंतर येतं.

आयर्न साइट म्हणजे नक्की काय? माशी, खाच, पीप यांत फरक काय?

नळीच्या टोकाला जो दाणा किंवा पातं असतं ती माशी. मागे, डोळ्याच्या बाजूला, तिची जोडीदार असते. ती इंग्रजी व्ही किंवा यू अक्षरासारखी खाच असेल तर तिला ओपन साइट म्हणतात. खाचेच्या जागी भोक असलेली बारीक चकती असेल तर ती पीप साइट. जुन्या लिव्हर-ॲक्शन (खालची कडी ओढून काडतूस भरायच्या) रायफलींवर खाचेच्या दोन्ही बाजूंना शिंगांसारखे वर आलेले कान असतात, ती बकहॉर्न. दिसायला ती देखणी असते, पण तिचे कान हरणाचा अर्धा देह झाकून टाकतात. सेमी-बकहॉर्न त्या मानाने बरी.

ओपन साइटमध्ये डोळ्याला खाच, माशी आणि हरीण या तीन गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात. तिन्ही वेगवेगळ्या अंतरावर असतात आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट बघू शकतो. पीपमध्ये एक काम कमी होतं. भोकाकडे बघायचंच नसतं, भोकातून बघायचं असतं. गोलाच्या मध्यभागी माशी आणणं डोळा आपोआप करतो. शिवाय पीप रिसिव्हरच्या, म्हणजे काडतूस जिथून आत-बाहेर होतं त्या मधल्या सांगाड्याच्या, मागच्या बाजूला बसते, त्यामुळे दोन्ही साइटमधलं अंतर, म्हणजे साइट रेडियस, सात-आठ इंचांनी वाढतो आणि नेमातली चूक तेवढ्या प्रमाणात लहान होते. कारखान्यातून आलेली खाच काढून तिथे पीप बसवणं हा लिव्हर-ॲक्शनवर करता येणारा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी बदल आहे.

माशीवर किती अंतरापर्यंत भरवसा ठेवता येतो?

हे आकड्यांनी बघू. व्हाइटटेलच्या छातीतला मर्माचा भाग, म्हणजे फुफ्फुसं आणि हृदय, साधारण ८ ते १० इंच व्यासाचा धरतात. वीस इंची नळीच्या कार्बाइनवर (आखूड रायफलीवर) माशी डोळ्यापासून सुमारे ३४ इंच लांब असते. माशीचा दाणा १/१६ इंचाचा असेल, तर १०० यार्डांवर तो साधारण साडेसहा इंच जागा झाकतो आणि १५० यार्डांवर जवळपास दहा इंच. दाणा ३/३२ इंचाचा असेल, तर १०० यार्डांवरच दहा इंच झाकले जातात. म्हणजे मर्माचा भाग माशीच्या पूर्ण आड गेला.

जाड माशी लवकर दिसते, बारीक माशी नेमकी असते. दोन्ही एकदम मिळत नाही. झाडीतल्या शिकारीला १/१६ हा मधला मार्ग चांगला. फायबर ऑप्टिकची हिरवी-लाल कांडी उजेडात झकास दिसते, पण ती बहुतेक वेळा जाड असते. कडक उन्हात तिच्याभोवती तेज पसरतं आणि ती आहे त्याहून मोठी भासते. १०० यार्डांपुढे फायबर ऑप्टिकवर नेम धरणाऱ्यांच्या गोळ्या बऱ्याचदा वर-खाली का जातात, याचं कारण हेच.

सरावातला नेमबाज पीपवर १५० यार्ड सहज सांभाळतो. पण कागदी लक्ष्य पांढऱ्यावर काळं असतं, आणि नोव्हेंबरअखेरच्या रानातलं तपकिरी हरीण तपकिरी पानांसमोर उभं असतं. रेंजवरच्या आकड्यातून तिसरा हिस्सा वजा करूनच रानात जावं.

चाळिशीनंतर माशी धूसर दिसते. चष्मा बदलू का?

डोळ्याचं भिंग वयानुसार ताठर होतं आणि जवळचं दिसेनासं होतं. खाच आणि माशी दोन्ही त्या जवळच्या पट्ट्यात येतात. प्रोग्रेसिव्ह चष्म्याने गोंधळ वाढतो, कारण दस्त्यावर गाल टेकला की आपण भिंगाच्या वरच्या कोपऱ्यातून बघतो आणि तो भाग लांबचं बघण्यासाठी असतो. मग काही जण मान वाकडी करून माशी शोधतात. तेवढ्यात हरीण निघून जातं.

चष्मा बदलण्याआधी पीप वापरून बघा. लहान भोकातून बघितलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही अधिक रेखीव दिसतं, कॅमेऱ्याचं छिद्र लहान केल्यावर होतं तसं. ०.१२५ इंचाचं भोक रेंजवर छान वाटतं, पण रानात अंधारं पडतं. शिकारीला ०.१५ पासून ०.१९ इंचापर्यंतचं भोक सोयीचं. अगदी कमी उजेडात चकतीच फिरवून काढून टाकतात आणि उरलेल्या मोठ्या आट्यांच्या भोकातून नेम धरतात. गोस्ट रिंग म्हणतात ती हीच. एवढं करूनही माशीची कड दिसत नसेल तर हट्ट सोडून दुर्बीण बसवावी. दुर्बिणीतली रेघ आणि हरीण एकाच प्रतलात दिसतात, त्यामुळे डोळ्याला अंतरं बदलावी लागत नाहीत. दुर्बिणीचा खरा फायदा हा आहे, मोठं दिसणं हा त्यामानाने दुय्यम.

दुर्बिणीने अंधारात जास्त दिसतं म्हणतात, ते कितपत खरं?

दुर्बीण उजेड निर्माण करत नाही, पण आहे तो डोळ्यापर्यंत चांगला पोचवते. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पॉवरने भागलं की बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ४० मिलिमीटरचं भिंग ९ पॉवरवर साडेचार मिलिमीटरच्या आसपास झोत देतं, ५ पॉवरवर ८. अंधारात तरुण माणसाची बाहुली सुमारे ७ मिलिमीटर उघडते, वय वाढेल तशी ५ च्या आसपास येते. म्हणून झुंजूमुंजू असताना किंवा तिन्हीसांजेला पॉवर ५-६ वर आणली की चित्र उजळतं. ९ वर ठेवून 'दुर्बीण भिकार आहे' म्हणणारे बरेच भेटतात. दुर्बीण ठीक असते, रिंग फिरवायची राहिलेली असते.

बऱ्याच राज्यांत हरणाची कायदेशीर वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू होऊन सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने संपते. हरणं नेमकी त्या कडेच्या अर्ध्या तासांतच हिंडतात. त्या वेळी काळी माशी काळ्या झाडावर विरघळून जाते. माशी घेऊन जाणाऱ्याने हा अर्धा तास आपला नाही असं धरून चालावं.

किती पॉवरची घ्यावी?

झाडीत १-४ किंवा २-७. मिश्र रानात, म्हणजे जंगलाच्या कडेला मक्याची शेतं आहेत अशा जागी, ३-९×४० (पॉवर ३ ते ९, पुढचं भिंग ४० मिलिमीटर). तीसुद्धा एरवी ३ वरच ठेवायची. ३ पॉवरवर १०० यार्डांवर सुमारे ३३ फूट रुंदीचा पट्टा दिसतो, ९ वर १० ते १४ फूट. पंचवीस यार्डांवर अचानक उठलेलं हरीण ९ पॉवरमध्ये शोधायला गेलात तर नुसती केसाळ तपकिरी भिंत दिसते, पुढचा भाग कोणता आणि मागचा कोणता हेही कळत नाही.

४-१६, ६-२४ असल्या दुर्बिणी या कामाला विनाकारण जड. रेघा साध्या, बाहेर जाड आणि मध्ये बारीक अशा डुप्लेक्स प्रकारच्या असाव्यात. ख्रिसमसच्या झाडासारखी आकड्यांनी भरलेली जाळी कमी उजेडात दिसतच नाही. डोळा आणि मागचं भिंग यांतलं अंतर, आय रिलीफ, किमान साडेतीन इंच हवं. ते कमी पडलं तर धक्क्यासरशी दुर्बिणीची कड भुवईवर बसते आणि अर्धचंद्राकार खूण राहते. विशेषतः चढावर नेम धरताना.

मग रेड डॉट का नको?

नको असं नाही. रेड डॉट म्हणजे मोठं न दाखवता नुसता लाल ठिपका दाखवणारी बॅटरीवरची साइट. १०० यार्डांच्या आत, दोन्ही डोळे उघडे ठेवून, तो सगळ्यांत झटपट. दोन एमओएचा (एमओए हे कोनाचं माप) ठिपका १०० यार्डांवर दोन इंच झाकतो, माशीपेक्षा कितीतरी कमी. दोन अडचणी मात्र आहेत. ॲस्टिग्मॅटिझम असलेल्याला ठिपक्याऐवजी फुटलेला तारा किंवा स्वल्पविराम दिसतो. असं झालं तर प्रिझम साइट बघावी, तिच्यातली खूण काचेवरच कोरलेली असते आणि बॅटरी संपली तरी दिसते. दुसरी अडचण बॅटरीच. हंगामाच्या आदल्या आठवड्यात नवी घाला, मग ती कितीही वर्षं टिकणारी असो.

थर्टी-थर्टी लिव्हर-ॲक्शनवर दुर्बीण बसते का?

थर्टी-थर्टी (.३०-३०) हे काडतुसाचं नाव. दुर्बीण बसेल का, हे रायफल कोणती यावर आहे. मार्लिन ३३६ चं रिसिव्हर वरून बंद असतं आणि काडतूस बाजूने बाहेर पडतं, त्यामुळे दुर्बीण सरळ वर बसते. जुनी विंचेस्टर ९४ रिकामं काडतूस वर उडवते. तिच्या डोक्यावर दुर्बीण ठेवली तर काडतूस नळकांड्याला आपटून परत आत पडतं. अशा रायफलीला एकतर बाजूचा माउंट लागतो किंवा नळीवर पुढे बसणारी, लांब आय रिलीफची स्काउट दुर्बीण. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासूनच्या अँगल इजेक्ट ९४ ला ही अडचण नाही.

दुर्बीण बसवल्यावर मागच्या घोड्याला (हॅमरला) अंगठा नीट पोचत नाही, तेव्हा बाजूला बाहेर येणारा स्पर जोडावा लागतो. तो विसरून लोक अंगठा दुर्बिणीखाली घुसवतात आणि घोडा निसटतो. भरलेल्या रायफलीवर हे कधीही करू नये.

या रायफलीचा दस्ता माशीच्या उंचीला बेतलेला असतो, हेही ध्यानात घ्या. दुर्बीण लावली की गाल हवेत राहतो. दस्त्यावर गालाची गादी बांधा, नाहीतर दुर्बीण धरणाऱ्या रिंगा सगळ्यांत कमी उंचीच्या निवडा.

दुर्बीण घरी बसवता येते का? काय चुकतं?

येते. इंच-पाउंडातला टॉर्क स्क्रूड्रायव्हर मात्र लागतो. 'हाताला बरं वाटेल तेवढं' हा हिशोब इथे चालत नाही. सुरुवातीला रायफल रिकामी करा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा.

१. बेसचे (रायफलीवर बसणाऱ्या पट्टीचे) स्क्रू आणि भोकं अल्कोहोलने पुसून तेल काढा. बेसच्या स्क्रूंना निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब लावून साधारण २० ते २५ इंच-पाउंडांनी आवळा. आकडा माउंट बनवणाऱ्याच्या कागदावर असतो, तोच अंतिम.

२. पुढच्या बेसचे आणि मागच्या बेसचे स्क्रू अनेकदा वेगळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू पुढे लागला तर तो नळीच्या आट्यांना किंवा बोल्टच्या (काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्याच्या) लगला, म्हणजे पुढच्या दाताला, टेकतो. बेस घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण प्रत्यक्षात सैलच राहतो. स्क्रू आवळल्यावर बोल्ट जड चालायला लागला तर हेच झालं आहे.

३. दुर्बीण रिंगांत सैल ठेवा, पॉवर सर्वांत जास्त करा. शिकारीचं जाड जाकीट घालून, डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, मग डोळे उघडा. कडेला काळी सावली दिसली तर दुर्बीण मागे-पुढे सरकवा. टी-शर्टवर हे माप घेतलं की डिसेंबरच्या थंडीत ते इंचभर चुकतं.

४. उभी रेघ रायफलीशी सरळ करा. लांब अंतरावर तिरकी रेघ गोळी बाजूला नेते.

५. रिंगांचे स्क्रू आळीपाळीने, चौकटीच्या कर्णाप्रमाणे, १५ ते १८ इंच-पाउंडांपर्यंत. दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. जास्त आवळलं की नळकांडं दबतं आणि पॉवरची रिंग घट्ट होते. इथे थ्रेडलॉकर बहुतेक उत्पादक नको म्हणतात, कारण ओल्या आट्यांवर तोच टॉर्क जास्त दाबतो.

रेंजवर गोळ्यांचा गट फाकला की आधी हे स्क्रू तपासा. दुर्बिणीला दोष त्यानंतर. महागडी दुर्बीण आणि दहा डॉलरच्या रिंगा ही जोडी फार दिसते. उलट केलेलं जास्त चालतं.

दुर्बिणीचा झिरो, म्हणजे ठरलेल्या अंतरावर नेम आणि गोळी जुळवणं, कसा करायचा?

बोल्ट-ॲक्शन असेल तर बोल्ट काढून, रायफल पिशवीवर स्थिर ठेवून नळीतून २५ यार्डांवरचं लक्ष्य मध्यभागी आणा आणि रायफल न हलवता रेघा त्यावर आणा. यामुळे पहिली गोळी निदान कागदावर लागते. मग २५ यार्डांवर तीन गोळ्या. १०० यार्डांचा झिरो हवा असेल तर इथे गोळी अर्धा ते एक इंच खाली लागली पाहिजे, कारण दुर्बीण नळीच्या दीड इंच वर आहे.

बहुतेक टरेटचा (दुर्बिणीवरच्या जुळवणीच्या बटणाचा) एक क्लिक पाव एमओए असतो. एक एमओए १०० यार्डांवर १.०४७ इंच, व्यवहारात एक इंच. म्हणजे एक क्लिक १०० यार्डांवर पाव इंच आणि २५ यार्डांवर त्याच्या चौथ्या भागाएवढा, १/१६ इंच. २५ यार्डांवर दोन इंच सरकवायचं असेल तर आठ नव्हे, बत्तीस क्लिक लागतात. नवशिके इथे हमखास गोळ्या वाया घालवतात.

शेवटचं जुळवणं १०० यार्डांवर, तीन-तीनच्या गटांनी, नळी मध्ये गार होऊ देऊन आणि शिकारीत वापरणार त्याच काडतुसांनी. कंपनी किंवा वजन बदललं की झिरो नव्याने बघायचा.

१७० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) थर्टी-थर्टीला १०० यार्डांचा झिरो दिला तर २०० वर गोळी आठ-नऊ इंच खाली जाते. म्हणजे या काडतुसाला १५० ही समजूतदार सीमा. .३०८ मध्ये १५० ग्रेन असेल आणि झिरो २०० यार्डांचा असेल, तर १०० वर ती सुमारे दोन इंच वर आणि ३०० वर साडेआठ इंचांच्या आसपास खाली.

आणि माशीचा झिरो?

इथे क्लिक नसतात, म्हणून सूत्र पाठ करा: मागची साइट जिकडे सरकवाल तिकडे गोळी जाते, माशी सरकवाल त्याच्या उलट दिशेला जाते. गोळी उजवीकडे लागते आहे? मागची खाच डावीकडे, नाहीतर माशी उजवीकडे. गोळी वर लागते आहे? खाच खाली, नाहीतर उंच माशी.

किती सरकवायचं याचं गणित सोपं आहे: चुकलेले इंच गुणिले साइट रेडियस, भागिले अंतर, सगळं इंचांत. साइट रेडियस १७ इंच, ५० यार्ड म्हणजे १८०० इंच, चूक ४ इंच. ४ गुणिले १७ भागिले १८०० म्हणजे ०.०३८ इंच, जेमतेम एक मिलिमीटर. आयर्न साइटवर एक मिलिमीटर म्हणजे चार इंच. हातोडी हाणताना हे आठवावं.

हातोडी पितळी किंवा नायलॉनची, ठोके हलके, आणि ठोकण्याआधी पेन्सिलीने जुन्या जागेची रेघ. खोबणीतली साइट अमेरिकन रायफलीत साधारणपणे डावीकडून उजवीकडे बाहेर काढतात आणि उजवीकडून डावीकडे घालतात. काढायचीच असेल तर उलट दिशेने ठोकू नका, ती खोबणीत आणखी रुतते.

उंची बदलण्यासाठी खाचेखाली पायऱ्यांची पट्टी असते, एलिव्हेटर. ती नुसत्या दाबावर बसलेली असते. गाडीत, झुडपांत ओढाताण झाली की घसरते किंवा चक्क पडून हरवते, आणि मग रायफल फूटभर खाली मारते. झिरो झाल्यावर कितव्या पायरीवर आहे ते दस्त्याच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर लिहून ठेवा.

नेम धरताना नजर माशीवर, हरीण किंचित धूसर. नजर हरणावर गेली की माशी खाचेत वर चढते आणि गोळी पाठीवरून जाते. घाईत माशीने चुकलेल्या बहुतेक गोळ्या अशाच वरून गेलेल्या असतात.

पाऊस, बर्फ, धुकं यांत कोण टिकतं?

लोखंडाला धुकं धरत नाही, हे माशीचं मोठं बळ. पण पीपच्या भोकात पाण्याचा थेंब किंवा बर्फ भरतो. फुंकर मारली की उडतो. थेंब राहिला तर मात्र काहीच दिसत नाही.

चांगली दुर्बीण आतून नायट्रोजन किंवा आर्गनने भरलेली असते, आत धुकं धरत नाही. बाहेरून धरते, आणि त्याला जबाबदार आपलाच श्वास. भिंगावर झटक्यात उघडणारी टोपणं लावा आणि खांद्याला लावलेल्या रायफलीवर श्वास सोडू नका. थंडीतली रायफल रात्री उबदार खोलीत आणली की काचेवर दव जमतं. कुलूपबंद, पण थंड जागेत ठेवलेली बरी.

दुर्बीण असताना आयर्न साइटही ठेवावी का?

आजच्या बहुतेक बोल्ट-ॲक्शन, रूगर अमेरिकन, टिक्का टी-३-एक्स, सॅव्हेज ॲक्सिस वगैरे, साध्या मॉडेलांत माशीशिवायच येतात. आधीच असेल तर काढू नका. नसेल तर त्यासाठी नळीला भोकं पाडून घ्यायची गरज नाही. माशीची जोड हवीच असेल तर चटकन निघणारा दर्जेदार माउंट घ्या. काढून परत लावल्यावर झिरो किती हलतो हे रेंजवर स्वतः तपासा. आणि माशीचाही झिरो करा, फक्त दिसायला ठेवलेली माशी काही कामाची नाही.

दुर्बिणीखालून माशी दिसावी म्हणून उंच 'सी-थ्रू' रिंगा मिळतात. टाळा. दुर्बीण इतकी वर जाते की गाल दस्त्यावर टेकत नाही, आणि दोन्हीपैकी एकही धड वापरता येत नाही.

झाडीतून जड, हळू गोळी सरळ जाते, म्हणून माशी आणि थर्टी-थर्टी पुरे. खरं का?

नाही. कुठलीही गोळी फांदीला लागली की वळते. दुर्बिणीचा इथे उलट फायदा आहे, वाटेतली काटकी दिसते आणि मोकळी फट शोधता येते.

दुर्बिणीतूनच रान न्याहाळलं तर वेगळी बायनॉक्युलर कशाला?

कारण दुर्बीण जिकडे, नळी तिकडे. झुडपात हललेलं काहीतरी 'बघू या' म्हणून रायफल रोखली आणि तो दुसरा शिकारी निघाला, तर तुम्ही माणसावर रायफल रोखली आहे. ८×४२ ची बायनॉक्युलर गळ्यात ठेवा. आधी तिने ओळखायचं, मागे काय आहे ते बघायचं, मग रायफल.

पेनसिल्व्हेनियात रायफलीच्या हरण-हंगामात डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच चमकता केशरी रंग सगळ्या बाजूंनी दिसेल असा अंगावर लागतो. तिथे २००२ पासून शिंगांच्या टोकांचा नियमही आहे: बऱ्याच भागांत प्रौढ शिकाऱ्याला एका बाजूला किमान तीन टोकं असलेलाच नर चालतो, आणि पश्चिमेकडच्या काही विभागांत मोजणी आणखी कडक. ही टोकं मोजायची ती बायनॉक्युलरने.

दुर्बीण किंवा माशीवर कायद्याचं बंधन असतं का?

रायफलीच्या नेहमीच्या हंगामात सहसा नाही. पुढून बार भरायच्या मझललोडर हंगामात असू शकतं. कोलोरॅडोच्या मझललोडर हंगामात दुर्बीण चालत नाही, फक्त ओपन किंवा आयर्न साइट. पेनसिल्व्हेनियात सेमी-ऑटोमॅटिक रायफलीने हरीण मारता येत नाही, आणि न्यू जर्सीत हरणासाठी नेहमीची रायफलच चालत नाही, शॉटगन किंवा मझललोडर लागते. त्या वर्षीची राज्याची नियमपुस्तिका वाचूनच खरेदी करा.

एच-१बी व्हिसावर रायफल बाळगता येते का?

नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. कोणत्याही राज्याचं वैध शिकार-लायसन्स हा त्यातला एक अपवाद. लायसन्सची मुदत संपली तर तो अपवादही संपतो. राज्याचे नियम आणखी वेगळे असू शकतात. आपल्या प्रकरणात शंका असेल तर वकिलाला विचारा, दुकानदाराला नाही. ग्रीन कार्डधारकांना ही व्हिसाची अट लागू नाही.

सुट्टीत गावी जाताना दुर्बीण नेली तर?

नेऊ नका. रायफलीच्या दुर्बिणीवर अमेरिकेचे निर्यात नियम लागू होतात, सामानात टाकून नेण्याची ती वस्तू नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हौसेची शिकार बंद आहे. चितळ, सांबर, भेकर यांच्यावर बंदूक रोखणं हा गुन्हा. इथलं ज्ञान तिथे वापरायचं ते फार तर नेमबाजीच्या रेंजवर.

एकूण खर्च किती येतो?

पीप साइट साधारण ७० ते १२० डॉलर. कामाची ३-९×४० दुर्बीण २०० ते ४००, बेस आणि रिंगा ५० ते १००. वजनात दुर्बीण आणि माउंट मिळून अर्धा किलोच्या आसपास भर पडते. दिवसभर हातात धरून हिंडणाऱ्याला ती जाणवते, मचाणावर बसणाऱ्याला नाही. उरलेल्या पैशांतून काडतुसांच्या चार-पाच पेट्या जास्तीच्या घ्या आणि ऑगस्टपासून सराव सुरू करा.

माझी स्वतःची अंतराची मर्यादा कशी ओळखू?

नऊ इंची कागदी ताटली लावा. मध्ये ठिपका काढू नका, हरणावर ठिपका नसतो. ५० यार्डांवरून सुरुवात. बाकावरून नव्हे, तर ज्या बैठकीत रानात असाल त्या बैठकीतून: मांडी घालून, गुडघ्यावर, झाडाला टेकून, उभं राहून. पाच गोळ्या, पाचही ताटलीत. जमलं तर ७५, मग १००. ज्या अंतरावर एक जरी गोळी बाहेर गेली, त्याच्या अलीकडचा टप्पा ही त्या बैठकीतली तुमची मर्यादा. उभ्याने ५० आणि बसून १२५ असा फरक निघाला तर दचकू नका, बहुतेकांचा असाच निघतो.

शक्य असेल तर हीच परीक्षा आधी माशीने, मग दुर्बिणीने द्या, आणि एकदा मुद्दाम रेंज बंद व्हायच्या शेवटच्या अर्ध्या तासात, उतरत्या उजेडात. दोन्ही ताटल्यांवर तारीख, अंतर आणि बैठक लिहून शेजारी ठेवा. काय विकत घ्यायचं हे त्या ताटल्यांवरच दिसतं.